साफ केलेली साइट दर सोमवारी परत बिघडते: फॉर्म प्लगिनमधल्या एक्सएसएसचा माग

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका क्लासची वेबसाइट मी सांभाळतो. वर्डप्रेस या साइट चालवायच्या तयार प्रणालीवर आहे; फॉर्मसारखी जादा कामं तिच्यात प्लगिन नावाचे जोडभाग करतात. तिच्यावर चौकशीचा एक फॉर्म आहे: विद्यार्थ्याचं नाव, पालकाचा मोबाइल, तालुका, आधीची शाळा, दहावीचे टक्के. निकाल लागला की लातूर, धाराशिव, नांदेड, बीड अशा चारी बाजूंनी पालक हा फॉर्म भरतात, आणि पुढचे पाच-सहा आठवडे क्लासची सगळी भिस्त त्याच्यावर असते. नेमका त्याच हंगामात सरांचा फोन आला. "अहो, आपली साइट उघडली की रमीचा जुगार दिसायलाय. उदगीरहून एका पालकाचा फोन होता, म्हणले हे काय लावलंय तुम्ही?"

मी लॅपटॉपवर साइट उघडली, तर सगळं ठीक. सरांनी त्यांच्या टेबलावरच्या पीसीवर उघडली, तिथंही ठीक. पालकांना मात्र दिसत होतं. हा पहिला चकवा. असा घुसवलेला कोड बहुतेक वेळा शहाणा असतो: लॉगिन केलेल्या माणसाला काही दाखवत नाही, गूगलवरून मोबाइलवर आलेल्यालाच दुसरीकडे फेकतो. म्हणून तपासायचं असेल तर वायफाय बंद करा, मोबाइलच्या डेटावर, खासगी विंडोत, गूगलमध्ये क्लासचं नाव शोधून त्या दुव्यावरून आत जा. मी तसं केलं आणि जुगार दिसला.

मग मी जे केलं ते बहुतेक जण करतात. होस्टिंगच्या बॅकअपमधून दहा दिवसांपूर्वीच्या फायली परत आणल्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला, कॅशे रिकामा केला. डेटाबेस मात्र जुना आणला नाही. आणला असता तर दहा दिवसांच्या चौकश्या गेल्या असत्या, आणि जूनमधली चौकशी म्हणजे क्लाससाठी रोख रक्कम. साइट सुधारली. पुढच्या सोमवारी दुपारी परत जुगार. परत साफ केली, या वेळी सगळी प्लगिन्स काढून नव्यानं टाकली, थीमही नवी आणली. त्याच्या पुढच्या सोमवारी परत तेच.

तोवर सरांच्या मनात भलतंच घर करून बसलं होतं. ऑफिसात फोन आणि नोंदी सांभाळणाऱ्या एक ताई आहेत. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सोमवारीच कामून होतंय? सोमवारी सकाळी कॉम्प्युटरवर त्याच असत्यात." सरांनी बोट ठेवलेली जागा बरोबर होती, त्यातून काढलेला अर्थ साफ चुकीचा.

तिसऱ्या वेळी मी साफसफाईला हात लावायच्या आधी सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे कोणी कधी कुठलं पान मागवलं याची नोंद, उतरवून घेतला. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. फायली बदलल्या की बिघाड जातो, पण तो कुठून आला याचा माग लॉगमध्येच असतो, आणि बऱ्याच स्वस्त होस्टिंगवर लॉग थोडेच दिवस राहतो. लॉगमध्ये नवीन वापरकर्ता तयार करण्याच्या पानावर दोन विनंत्या होत्या. सोमवार, सकाळी ११ वाजून १४ मिनिटं: आधी पान मागवलं, आणि एका सेकंदाच्या आत ते भरून परत पाठवलं. कोणताही माणूस एका सेकंदात नाव, ईमेल, पासवर्ड आणि भूमिका भरत नाही. पण आयपी पत्ता क्लासच्या स्वतःच्या ब्रॉडबँडचा होता. सर म्हणाले, "बगा, मी काय म्हणलो?"

मी रेफररचा रकाना बघितला. म्हणजे ही विनंती कोणत्या पानावरून निघाली ते. तिथं फॉर्म प्लगिनचं 'एंट्री संपादित करा' हे पान होतं, आणि शेवटी एंट्रीचा क्रमांक: ४१२. मागच्या दोन सोमवारचे लॉग होस्टिंगवाल्यांकडून मागवले. वेळा वेगळ्या, पण एंट्री तीच.

ताईंना विचारलं, या ४१२ नंबरला तुम्ही दर सोमवारी का उघडता? त्या म्हणाल्या, "फोनच लागत न्हाई ना त्याचा. लागला न्हाई की 'बाकी'मध्ये ठेवायचं, सोमवारी परत लावायचं, असं सरांनीच सांगितलंय." नाव जॉन, तालुका अहमदपूर (यादीतला पहिला पर्याय, आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रॅमनं, म्हणजे बॉटनं, तोच उचलला), शाळा एबीसी. ताईंना वाटलं असेल एखादी इंग्लिश मीडियम. मग जाता जाता त्या म्हणाल्या, "एक गंमत हाय दादा. ती एंट्री उघडली की कर्सर आपोआपच शाळेच्या खान्यात जाऊन बसतो. बाकीच्यांत जात न्हाई."

माझ्यासाठी केस तिथंच सुटली. तीन आठवडे मी फायली चाळत होतो आणि उत्तर ताईंच्या डोळ्यांसमोर लुकलुकत होतं.

काय घडत होतं ते सांगतो. एंट्री संपादित करायच्या पानावर प्रत्येक उत्तर एका चौकटीत दिसतं. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये, त्या चौकटीची किंमत (तिच्यात दिसणारा मजकूर) डबल कोटच्या आत लिहिलेली असते. आता पालकानं, म्हणजे पालकाच्या वेशातल्या बॉटनं, उत्तरातच एक डबल कोट टाकला आणि प्लगिननं तो जसाच्या तसा पानात छापला, तर ब्राउझरला वाटतं की किंमत इथं संपली. त्याच्यापुढचा मजकूर तो चौकटीचे गुणधर्म म्हणून वाचतो. शाळेच्या खान्यात 'एबीसी', मग डबल कोट, मग 'पान उघडताच इथं फोकस आण' असा गुणधर्म, मग 'फोकस आला की ही जावास्क्रिप्ट चालव'. ताईंना चौकटीत फक्त एबीसी दिसायचं. उरलेलं पडद्यामागं चालायचं, आणि चालायचं ते अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन असलेल्या ताईंच्या ब्राउझरमध्ये, ताईंच्या अधिकारानं. परक्याची स्क्रिप्ट अशी आपल्या साइटच्या पानात चालणं म्हणजे एक्सएसएस (क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग), आणि या प्रकाराला साठवलेला एक्सएसएस म्हणतात. हल्लेखोर एकदाच फॉर्म भरून निघून जातो, आणि विष डेटाबेसमध्ये पडून राहतं. जो उघडेल त्याच्या हातून ते काम करतं.

यावर "कुकी चोरली असणार" असं हमखास ऐकायला मिळतं. वर्डप्रेसच्या लॉगिन कुकीवर एचटीटीपी-ओन्ली खूण असते, जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही. पण वाचायची गरजच काय? स्क्रिप्ट त्याच पानात बसली आहे, ब्राउझर कुकी आपण होऊन जोडतो. तिनं नवीन वापरकर्त्याचं पान मागवलं, त्यातला नॉन्स (बाहेरच्यानं खोटी विनंती पाठवू नये म्हणून पानात घातलेला टोकन) वाचला, फॉर्म भरला, नवा अ‍ॅडमिन तयार. ओटीपीनं दुहेरी लॉगिन लावलं असतं तरी इथं फरक पडला नसता, कारण ताई सकाळीच रीतसर लॉगिन झाल्या होत्या. पासवर्ड कितीही बदला, दार आतूनच उघडलं जात होतं. नवा अ‍ॅडमिन मिळाल्यावर तासाभरात बाहेरून कोणीतरी येऊन एक बनावट प्लगिन टाकून जायचं. त्या प्लगिनची दोन कामं होती: मोबाइलवाल्यांना जुगाराकडे पाठवणं, आणि वापरकर्त्यांच्या यादीतून तो नवा अ‍ॅडमिन लपवणं. ते लपवणं मात्र अर्धवट होतं. यादीत तीन नावं होती आणि वर मोजणी चारची. ही विसंगती मी दोनदा बघूनही पुढं गेलो होतो.

आता दुसरी साफसफाई का फसली ते. मला तेव्हाही एक्सएसएसची शंका आली होती. मी डेटाबेसमध्ये 'स्क्रिप्ट' टॅग शोधला होता, काहीच सापडलं नाही, म्हणून शंका सोडून दिली. सापडणारच नव्हता. प्लगिन उत्तर साठवताना वर्डप्रेसचं 'सॅनिटाइझ टेक्स्ट फील्ड' हे फंक्शन वापरत होतं. ते टॅग काढून टाकतं, जादा मोकळ्या जागा आणि ओळी काढतं, पण डबल कोटला हात लावत नाही. आणि लावूही नये, कारण नावात, पत्त्यात कोट हा साधा मजकूर आहे. डबल कोट निष्प्रभ करायचं काम छापतानाचं, आणि त्यासाठी वर्डप्रेसची वेगळी फंक्शन्स आहेत. चौकटीच्या गुणधर्मात छापताय तर 'एस्क अ‍ॅट्रिब्यूट', दोन टॅगांच्या मध्ये छापताय तर 'एस्क एचटीएमएल', दुवा छापताय तर 'एस्क यूआरएल'. आत घेताना गाळणं आणि बाहेर देताना बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं केलं म्हणून दुसरं सोडणारे प्लगिनवाले काही कमी नाहीत.

लातूरच्या माणसाला हे गंजगोलाईवरून लगेच कळेल. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. माल एका रस्त्यानं आत आला, पण बाहेर कुठल्या रस्त्यानं जाईल याचा नेम नाही. फॉर्ममधलं एक उत्तर आत एकदाच येतं आणि बाहेर किती ठिकाणी पडतं बघा: एंट्रींची यादी, एकेक एंट्रीचं पान, संपादनाची चौकट, छपाईचं पान, सूचनेचं ईमेल, एक्सेलची फाइल. या प्लगिननं यादीत आणि बघायच्या पानावर नीट बांधून छापलं होतं. संपादनाच्या चौकटीत विसरले. म्हणून सर रोज रात्री यादी बघायचे तरी काही व्हायचं नाही, आणि ताईंनी संपादन उघडलं की व्हायचं. एक्सेलचा रस्ता वेगळाच धोक्याचा आहे: उत्तर बरोबरच्या चिन्हानं सुरू झालं तर एक्सेल त्याला सूत्र समजतो. तो विषय इथं वाढवत नाही, पण निर्यात केलेली फाइल डोळे झाकून उघडू नका.

असं फक्त आडगावच्या प्लगिनमध्ये होतं असं समजू नका. निंजा फॉर्म्स या लाखो साइटवर असलेल्या फॉर्म प्लगिनमध्ये २०२३ मध्ये एक्सएसएसचं भोक सापडलं, ते ३.६.२६ आवृत्तीत बुजवलं. ते परावर्तित प्रकारचं होतं, म्हणजे मजकूर साठत नाही, अधिकार असलेल्या माणसाला फसवून एखाद्या पानावर न्यावं लागतं. साठवलेल्या प्रकारात फसवायचीही गरज नसते, माणूस रोजचं काम करत राहिला की पुरे. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये मायस्पेस या सोशल साइटवर सॅमी नावाचा वर्म (आपोआप पसरणारा कोड) असाच पसरला होता: ज्यानं प्रोफाइल बघितली त्याच्या प्रोफाइलमध्ये तोच कोड, आणि दिवसभरात दहा लाखांवर खाती. वीस वर्षं झाली, चूक तीच आहे.

तुमच्याकडे हीच लक्षणं असतील तर मी ज्या क्रमानं केलं तो क्रम पाळा. इथं क्रमालाच महत्त्व आहे.

सगळ्यात आधी ऑफिसातल्या सगळ्यांना सांगा की डॅशबोर्डमध्ये एंट्री उघडायच्या नाहीत. तुम्हीही उघडू नका, "बघू तरी काय आहे" म्हणूनसुद्धा नाही. एंट्री बघायची ती होस्टिंगवरच्या डेटाबेस बघायच्या साधनातून, म्हणजे पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून, तिथं ती नुसता मजकूर म्हणून दिसते. मग फायली आणि डेटाबेस दोन्हींची आहे त्या बिघडलेल्या अवस्थेत एक प्रत काढा, लॉग उतरवा. त्यानंतर प्लगिन अपडेट करा. अपडेट आलेलंच नसेल तर प्लगिन निष्क्रिय करा, पण 'हटवा' दाबू नका; काही प्लगिन्स हटवताना सगळ्या एंट्रीही पुसून टाकतात. आणि लक्षात ठेवा, निष्क्रिय केल्यानं विष जात नाही. महिनाभरानं तेच जुनं प्लगिन परत चालू केलं की ४१२ नंबर वाट बघतच असतो.

मग डेटाबेसमध्ये शोध. नुसता स्क्रिप्ट टॅग शोधून माझ्यासारखे फसू नका. ऑनफोकस, ऑनएरर, ऑनमाउसओव्हर, ऑनलोड असे 'ऑन'नं सुरू होणारे आणि पुढं बरोबरचं चिन्ह असलेले शब्द शोधा, जावास्क्रिप्ट या शब्दापुढं विसर्गासारखा कोलन शोधा, आणि कोड लपवायला वापरतात ती 'फ्रॉमकॅरकोड', 'एटूबी' ही फंक्शन्स शोधा. (ए-टी-ओ-बी, पण बोलताना एटूबीच म्हणतात.) फॉर्मच्या उत्तरांसोबत प्लगिन ब्राउझरचं नाव आणि आलेल्याचा आयपीही साठवत असेल तर ते रकानेसुद्धा बघा. ब्राउझरचं नाव पाठवणारा स्वतः ठरवतो, त्यात तो काहीही लिहू शकतो. आमच्याकडे ४१२ सोडून आणखी दोन एंट्री निघाल्या. त्या अजून कोणी उघडल्या नव्हत्या.

वापरकर्ते डॅशबोर्डमध्ये नाही, डेटाबेसच्या तक्त्यात मोजा. अनोळखी अ‍ॅडमिन काढा. उरलेल्यांचे पासवर्ड बदला आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमधल्या सॉल्ट किल्ल्या (ज्यांच्यावर लॉगिन कुकी बेतलेल्या असतात) नव्यानं तयार करून टाका, म्हणजे जिथं कुठं कोणी लॉगिन असेल तो बाहेर पडेल. एक गोष्ट सगळे विसरतात: वर्डप्रेस ५.६ पासून, म्हणजे २०२० च्या डिसेंबरपासून, प्रत्येक वापरकर्त्याला 'अ‍ॅप्लिकेशन पासवर्ड' (दुसऱ्या अ‍ॅपला साइटमध्ये शिरू देणारे वेगळे पासवर्ड) काढता येतात. मुख्य पासवर्ड बदलला तरी ते चालूच राहतात. प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये जाऊन ते हातानं रद्द करा.

फायलींसाठी डब्ल्यूपी-सीएलआय (कमांड लिहून वर्डप्रेस चालवायची सोय) असेल तर तिची चेकसम पडताळणी चालवा. मूळ वर्डप्रेसची आणि अधिकृत भांडारातल्या प्लगिन्सची कुठली फाइल बदललीय ते ती सांगते. 'एमयू-प्लगिन्स' फोल्डर बघा, तिथलं प्लगिन नेहमीच्या यादीत येत नाही आणि निष्क्रियही करता येत नाही. अपलोड्सच्या फोल्डरात एकही पीएचपी फाइल दिसली तर संशय घ्या. शेवटी क्रॉनची, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची, यादी. बाकी सगळं साफ करूनही काही वेळा तिथं एखादं काम दर तासाला फाइल परत आणून ठेवत असतं.

सर विचारत होते की कॅप्चा लावला तर? कॅप्चानं कचरा कमी होतो, पण इथं एकच एंट्री पुरेशी होती, आणि ती हातानंही भरता येते. फायरवॉल प्लगिन अपडेट येईपर्यंत आडोसा म्हणून बरं. वेबवर कडक सीएसपी हेडर (पानात कुठली स्क्रिप्ट चालू द्यायची हे ब्राउझरला सांगणारी सूचना) लावायचा सल्ला मिळतो. लोकांना दिसणाऱ्या पानांना जरूर लावा, पण वर्डप्रेसचा डॅशबोर्ड स्वतःच पानात लिहिलेल्या स्क्रिप्टवर इतका चालतो की तिथं कडक सीएसपी लावली तर अर्धी बटणं मरतात. खरा फरक पडला तो भूमिकेनं. क्लासमध्ये सर, ताई आणि मी एकाच 'अ‍ॅडमिन'नं लॉगिन करत होतो. ताईंसाठी आता फक्त एंट्री बघायचा आणि शेरा लिहायचा अधिकार असलेली वेगळी भूमिका आहे. तीच स्क्रिप्ट त्यांच्या ब्राउझरमध्ये चालली असती तरी नवीन वापरकर्त्याचं पान तिला मिळालंच नसतं.

तुमच्या फॉर्म प्लगिनला हा रोग आहे का हे बघायला कोड लिहायची गरज नाही. साइटच्या चाचणी प्रतीवर फॉर्म भरा आणि शाळेच्या खान्यात साध्या सरळ डबल कोटमध्ये लिहा: शाळा "ज्ञान" लातूर. मोबाइलच्या कीबोर्डचे वळणदार कोट नकोत. मग एंट्री बघायचं, संपादनाचं, छपाईचं, एकेक पान उघडा. सगळीकडे पूर्ण ओळ दिसली तर ठीक. कुठल्या चौकटीत नुसतं 'शाळा' एवढंच उरलं आणि पुढचं गडप झालं, तर त्या चौकटीत कोट बांधलेला नाही. तिथं मी डबल कोटनंतर काहीही लिहू शकतो.

हे कळल्यावर मला जानेवारीतला ताईंचा एक जुना मेसेज आठवला. "दादा, काही पोरांच्या शाळेचं नाव अर्धंच दिसतंय, आणि सेव्ह केलं की बाकीचं उडून जातंय." मी उत्तर दिलं होतं, पेज रिफ्रेश करा. कोट घालून शाळेचं नाव लिहिणारे ते साधे पालक होते, आणि भोक त्यांनीच आधी दाखवलं होतं. प्लगिनवाल्यांना मी नंतर कळवलं, ते सार्वजनिक मदतीच्या पानावर न लिहिता त्यांच्या सुरक्षेच्या ईमेलवर, चाचणीच्या तीन ओळींसकट. नवी आवृत्ती आली, मी परत 'शाळा "ज्ञान" लातूर' भरून सहाही रस्ते तपासले, मग चालू केली.

सरांनी ताईंना काही म्हटलं की नाही ते मला माहीत नाही. त्या दिवशी दोघांनाही चहा आला एवढं खरं. ताईंना मी सांगून ठेवलंय, कर्सर आपण होऊन कुठं जाऊन बसला तर काही न दाबता नंबर लिहून घ्या आणि मला फोन करा. गेल्या सोमवारी आला फोन. औशाच्या एका आजोबांनी शाळेच्या खान्यात नातवाची सगळी कैफियत लिहिली होती, बस किती वाजता सुटते इथपासून. कर्सर जागेवर होता, चौकट पुरत नव्हती.